सात डिग्र्या आणि एक फडकं

“बाबा, तुमच्या तिघांच्या मिळून डिग्र्या किती?” हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. बाबा आणि त्याच्या ऑफिसातले दोन काका बॉनेटमध्ये डोकी घालून उभे असताना मी विचारलंच.

“सात!” उमाकांतकाका ऐटीत म्हणाले.

सात डिग्र्या, चार रविवार, आणि आजोबांच्या काळातल्या आमच्या गाडीचं ऑइल गळतंच आहे. थेंब खाली पडतात म्हणून या विद्वानांनी पुण्याहून पॅकिंग आणून खालच्या चेंबरला दोनदा बसवलं. इंजिन पुसून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही. पुसापुशी म्हणे कामवाल्या कावेरीअक्काने करायची!

शेवटी मीच तिचं फडकं घेतलं, इंजिन लख्ख पुसलं आणि गाडी चालू केली. ऑइल अगदी वरच्या झाकणातून पाझरून खाली ओघळत होतं. तिथलं पॅकिंग बदललं, गळती बंद.

“हेच मी म्हणत होतो,” बाबा म्हणाला.

“हात धू गं,” आईने आतून हाक मारली, “इंजिनिअरिंगच्या कोचिंगचा फॉर्म भरायचाय.”



“आई, बाबा, तो फॉर्म भरू नका. मला गाड्या दुरुस्त करता यायला हव्यात.”