बिनागिअरची गाडी

"आधी मागचा दरवाजा उघडा," तो म्हणाला.

सेल्सवाल्या मुलीला जरा नवल वाटलं. व्हॅन बघायला येणारे पुरुष आधी बॉनेट उघडायला लावायचे, नाहीतर थेट स्टिअरिंगमागे जाऊन बसायचे. हा मात्र सरकत्या दरवाजाशी वाकून पायरीची उंची वितीने मोजत होता.

"मुलांच्या आजींचा उजवा गुडघा वळत नाही," तो म्हणाला. "ही पायरी जमेल त्यांना. त्या पलीकडच्या गाडीची उंच आहे."

पंचेचाळिशीचा असेल. शर्ट इस्त्रीचा होता, चांगल्या कापडाचा, पण खांद्यांत सैल. अलीकडे वाळला असावा, असं तिला वाटलं.

लहान मुलाची गाडीतली खुर्ची तो सोबत घेऊन आला होता. ती त्याने मधल्या रांगेत बसवली आणि पट्टा ओढून पाहिला.

"धाकट्याची का?"

"हो. सिग्नल लागला की पट्टा सोडतो. तेवढं एकच काम आहे त्याला."

"आणि मोठं कोण?"

"थोरली. तिला गाडी लागते. तिची डावी खिडकी. काच पूर्ण खाली जाते ना?"

"जाते."

"पूर्ण?"

तिने काच खाली करून दाखवली.

"अर्ध्यावर अडकली तर काय होतं, ते मी धुतलेलं आहे," तो म्हणाला.

ती हसली. "आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बापांना मूल कितवीत आहे तेही सांगता येत नाही. बसा ना सर, बसून तर बघा."

तो सीटच्या कडेवर टेकला. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"अहो, आरामात बसा. पाहुण्यांसारखे काय बसलात."

"मागे बसायची सवय नाही. इतकी वर्षं गाडी मीच चालवतोय."

व्हॅनचं मॉडेल एकच होतं, पण गाड्या दोन तऱ्हेच्या. एक गिअरची, एक ऑटोमॅटिक. आधी त्याने गिअरची बाहेर काढली. रेल्वेपुलाच्या चढावर मुद्दाम थांबवली आणि पुन्हा उचलली. गाडी तसूभरही मागे सरकली नाही.

"ही तुमच्या हाताला बसली," ती म्हणाली.

"हो." त्याचा तळवा गिअरवरून निघत नव्हता.

"मग हीच घ्या."

"त्यांना क्लच जमत नाही. मीच शिकवलंय, बाकी सगळं येतं. पण चढ आला की घाबरतात."

"त्यांना?" ती हसली. "बायकोला अहो-जाहो करणारे तुम्ही पहिलेच भेटलात. आणायचं होतं ना वहिनींना पण."

त्याने आरसा उगाच जरासा हलवला. "वेळ नसतो. म्हणाल्या, तुम्ही ठरवाल ती."

"मग झालं तर. ठरवा ही. क्लच जमत नाही म्हटल्यावर गाडी आपोआप तुमच्याच हातात राहील. कोण मागणार?"

तो समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आला.

"तसं होईल खरं," तो म्हणाला.

मग दुसरी. खुर्ची त्याने तिच्यात हलवली. तोच पूल, तोच चढ. त्याचा डावा पाय अधूनमधून क्लच शोधायचा आणि रिकामाच परत यायचा.

"हिच्यात चालवणाऱ्याला काही कामच नाही," तो म्हणाला.

"म्हणून तर खपतेय."

परत येताना त्याने गाडी झाडाखाली उभी केली आणि आरसा नीट लावला. मधली रांग पूर्ण दिसत होती. तिथे ती खुर्ची होती, रिकामी.

"मुलांवर लक्ष राहील त्यांचं," तो म्हणाला. "ही द्या. सही त्या येऊन करतील."

"आणि तुम्ही? तुम्हाला तर ती दुसरी आवडली होती."

"पहिल्या तारखेपासून मी नसेन."

"बाहेरगावी चाललात?"

"नाही, इथेच. बसस्टँडमागे खोली आहे माझी."

अशी घरं तिने पाहिली होती. नवी गाडी घेतात आणि त्यात सगळे कधी एकत्र बसतच नाहीत.

"एकटेच राहता?"

"रेडिओ आहे."

"मुलांना सांगितलंय?"

"थोरलीला कळलंय. धाकटा म्हणतो, खोटं बोलताय."

"सर, मी लहान आहे, पण बोलते. एवढा जीव आहे तुमचा त्यांच्यावर. एकदा बोलून बघा ना वहिनींशी."

"बोलायचं काय त्यात?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांचं चुकत नाही. म्हणतात, मुलांबरोबरचा तेवढा तरी वेळ माझा एकटीचा असू दे. आईच आहेत. बरोबरच आहे."

त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात काही म्हटलं आणि स्टिअरिंगला हलकेच हात लावून किल्ली तिच्याकडे दिली.

चार दिवसांनी तो व्हॅन घेऊन इमारतीखाली आला. धाकटा धावत येऊन त्याच्या पायाला बिलगला. त्याने त्याला उचलून खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. थोरलीने डाव्या खिडकीशी बसून काच पूर्ण खाली केली. आजींनी पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता आत गेल्या. "अगं बाई, चढले की मी," त्या स्वतःलाच म्हणाल्या.

मुलांच्या आई स्टिअरिंगमागे बसल्या. तो खाली उभा राहिला.

तळघरातून वर येणारा चढ त्या इमारतीत सगळ्यांनाच अवघड जायचा. तिथेच मुलांच्या आई नेहमी गाडी बंद पाडायच्या. आज गाडी खाली गेली, वळली आणि एका दमात वर आली. आत मुलगा टाळ्या वाजवत होता. त्याचा पट्टा सुटलेला होता. खाली उभा असलेला तो दोन पावलं पुढे झाला, तेवढ्यात आईंनी आरशात पाहिलं, गाडी थांबवली आणि मागे वळून पट्टा लावला.

मग त्यांनी काच खाली केली. चेहरा शाळकरी मुलीसारखा उजळला होता.

"किती सोपी आहे हो. अगदी माझ्यासाठीच शोधून काढलीत," त्या म्हणाल्या. "आता पहिल्या तारखेपर्यंत तरी कशाला थांबायचं? उद्यापासून नाही आलात तरी चालेल, ड्रायव्हरकाका."