जोडीचा हप्ता

मुन्शीनं रजिस्टरवरची वीट बाजूला केली आणि पान उघडलं.

"पाह्य बाप्पा, तुह्याच डोयानं पाह्य."

प्रेमदास वाकला. त्याच्या शेवटच्या हप्त्याची ओळ होती. प्रेमदास, जोडी, विटा सात हजार. शेवटी त्याची स्वतःची वेडीवाकडी सही.

मुन्शीनं एक पान मागं उलटलं. मग आणखी एक. प्रेमदास, जोडी. प्रेमदास, जोडी.

"जुनं रजिस्टर काढा."

"काढतो, मले काय. पन त्यातही हेच हाय."

प्रेमदासची बायको ताना, त्या जोडीतलं दुसरं माणूस, बारा दिवसांपूर्वी याच वीटभट्टीवर विटांच्या थप्पीखाली सापडून मेली होती. मालकानं पोलिसांना सांगितलं, बाई आमच्या कामावर नव्हती, नवऱ्याला डबा द्यायला आली होती. वर्धेच्या कामगार कार्यालयातल्या मॅडमनी प्रेमदासचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, तिच्या नावाचा एक कागद आणा. हजेरीचा आणा, पगाराचा आणा. त्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढं जात नाही.

"नऊ वर्षं डबाच देयाले येत होती का ती?" प्रेमदास म्हणाला. "सकाळी पाचाले? चिखल कोन तुडवत होतं मंग?"

"मले काऊन विचारतं? मी तं रोज पाहत होतो. पन माह्या पाहन्याचा कागद नाई होत."

"तुमी लिहून द्या."

"अन् मालक मले ठेवन का इथं?"

मुन्शी वाईट माणूस नव्हता. तानाच्या मयताला तो आला होता. खांदाही दिला होता.

"तुमी तिचं नाव लिहिलं काऊन नाई?" प्रेमदासचा आवाज चढला. "मानसं दोन अन् नाव एक?"

मुन्शीनं पेन खाली ठेवलं.

"दोन सालाआधी मालकाचा पोरगा म्हनत होता, साऱ्यांचे बँकेत खाते काढा, बायांचे वेगळे, मानसांचे वेगळे. आठवते? तवा तानाबाई याच टेबलापाशी आली. म्हने, माह्या इटांचे पैसे माह्या हाती द्या, मले सही येते. तू तिथं पान्याच्या ड्रमापाशी उभा होता. काय म्हनला होता तू?"

प्रेमदासनं ड्रमाकडं पाहिलं.

"सांग नं."

"मले नाई आठवत."

"तू म्हनला, हिले पगार देता तं मले लुगडं द्या नेसाले. सारी भट्टी हासली. मी हासलो. ती बी हासली."

तिचं हसणं प्रेमदासला खरंच आठवत नव्हतं. सही मात्र आठवत होती. ती तिला पोरीनं, सरितानं शिकवली होती. जेवणाच्या सुट्टीत ताना ओल्या चिखलात काडीनं गिरवत बसायची आणि साचा मारायच्या आधी हातानं पुसून टाकायची. सही आली होती. ती करायला जागा नव्हती.

त्यानं पैसे कधी दारूत घातले नाहीत. बाजाराला तिनं मागितले तेवढे दिले. मागितले तेवढे दिले, हेच तो मयताला आलेल्या पाहुण्यांनाही सांगत होता.

त्यानं रजिस्टरवर बोट ठेवलं. "आता लिहा. इथं, जोडीच्या बाजूले. ताना, एवढंच."

"मेलेल्या मानसाचं नाव कसं लिहू? जित्ती होती तवा तूच लिहू देल्लं नाई."

आर्वीकडची एक जोडी टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. प्रेमदासची जागा आता त्यांची होती. पोरगा पंचविशीचा असेल. बायकोच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं.

"नाव?" मुन्शीनं विचारलं.

"अश्विन."

मुन्शीनं नवं पान काढून लिहिलं, अश्विन, जोडी.

"बाईचं नाव लिहा," प्रेमदास म्हणाला.

अश्विननं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काऊन काकाजी? राशनकार्ड काढून राह्यले का आमचं?"

ड्रमापाशी पाणी पिणारे दोघं-तिघं हसले.

"तिच्या इटांचे पैसे तिच्या हाती पडले पाह्यजे."

"आमच्यात तिचं अन् माहं असं नाई, काकाजी. हप्ता मीच घेत जाईन." एवढं बोलून अश्विन झोपडी पाहायला निघून गेला.

बाई गाठोडं धरून तशीच उभी होती. प्रेमदासनं विचारलं, "सही येते का तुमाले?"

तिनं मान हलवली. येते.

"नाव काय?"

नवरा गेला त्या बाजूला तिनं एकदा पाहिलं. तो बराच लांब पोचला होता.

"मोहिनी," ती हळू म्हणाली.

प्रेमदास वळला. मुन्शीनं तोवर रजिस्टर मिटलं होतं. पानं उडू नयेत म्हणून वर वीट ठेवली होती.

"मोहिनी," प्रेमदास म्हणाला. "लिहा, मुन्शीजी."

"तिच्या नवऱ्याले म्हनू दे," मुन्शी म्हणाला. "लगेच लिहितो."