दोन खांबांमधली जागा

ते दोन लोखंडी खांब तुम्ही नगरपालिकेवाल्यांनी रोवलेत. रेल्वेखालच्या बोगद्याच्या तोंडाशी, सायकलींच्या वाटेवर. मोपेडवाल्यांना अडवायला म्हणून रोवलेत, आणि मोपेडवाले रोज त्यांच्यामधून सुळकन निघून जातात. तुम्ही मोटारीतून फिरणारे असतात तर म्हटलं असतं, जाऊ दे, यांना काय कळतं. पण तुम्ही स्वतः सायकलीवरून ऑफिसला जाता. तेवढ्यावर तुम्ही धरून चालता की सगळ्यांच्या सायकली तुमच्यासारख्याच.

हेस्टर त्या खांबांपुढे अडकली होती. बॅटरीवर चालणारी तीन चाकांची सायकल, पुढच्या दोन चाकांमध्ये लाकडी पेटी, पेटीत तिचा आठ वर्षांचा यूप. छातीवरून पट्टा, कारण त्याला पाठ सरळ धरता येत नाही आणि पायांवर उभं राहता येत नाही. सायकल दुकानातून नुसती फिरवून बघायला आणलेली. घ्यायची की नाही, ते संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

तिनं तिरकी घालून पाहिली. पायडल जरा दाबलं की मोटर आपणहून रेटा देते. मडगार्ड खांबावर खाडकन आपटलं. तिनं सायकल जरा मागे, बाजूला घेतली.

"आई, दुकानात दोन चाकांची आहे ना," यूप म्हणाला.

"काल बसलास ना तिच्यात? काय झालं?"

"तू पडलीस."

"आपण पडलो."

"तू खाली पडलीस. मी तुझ्यावर पडलो. मला काही लागलं नाही."

बुधवार होता, अर्ध्या दिवसाच्या शाळेचा. शाळा दुपारीच सुटलेली. यूपच्या वर्गातली पोरं आपापल्या सायकलींवरून, एकमेकांशी बडबडत, बाजूनं येत होती आणि एकेक करून खांबांमधून जात होती. "चल ना यूप," एक मुलगी म्हणाली आणि बोलता बोलता पुढे गेली.

शेजारी राहणारा कॉर म्हातारा सायकलीवरून उतरला. "चौघांनी धरली की उचलून पलीकडे ठेवू. त्यात काय एवढं."

"आणि उद्या?"

"उद्याही येईन."

"रोज सकाळी?"

कॉरनं विचार केला. "सोमवारचं मला जमणार नाही. सोमवारी आमच्याकडे नातवंडं असतात."

तेवढ्यात बोगद्याच्या पलीकडून तुम्ही पाठवलेला माणूस आला. हेस्टरनं तक्रार केली होती, म्हणून आला. उंच, हसरा, पावसाळी जाकीट, साधी सायकल. खांबांमधून अलगद अलीकडे आला, वळला, परत पलीकडे गेला आणि तिथंच एक पाय टेकून थांबला.

"जातेय की," तो म्हणाला. "मी ब्राम. साहेबबिहेब नको हं, ब्रामच म्हणा."

"बरं, ब्राम. तुमची गेली. आता माझी नेऊन दाखवा."

ब्रामनं पेटीकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं. "अंतर नियमात बसतं. आणि पेटीच्या सायकली दोन चाकांच्या, अरुंदही मिळतात. आमच्या घरी आहे एक. मस्त चालते. दोन्ही मुलं बसतात."

"तुमची मुलं उडी मारून आत बसतात. याला मी उचलून ठेवते. मी वाकलेली असताना सायकल जागची हलून चालत नाही."

"मग थोडा वळसा आहे, गोदामांच्या रस्त्यानं."

"तिथं ट्रक असतात. तुमची मुलं जातात त्या रस्त्यानं?"

ब्रामनं घंटीशी चाळा केला. "आणि त्याच्यासाठी व्हॅन आहेच की. घरापासून शाळेपर्यंत, फुकट. आम्हीच देतो."

"व्हॅननं मी पोचतो तोवर सगळ्यांच्या गप्पा झालेल्या असतात," यूप म्हणाला. "वाटेतच होतात."

"किती गोड," ब्राम हेस्टरला म्हणाला.

"मी गोड नाहीये. मी आठ वर्षांचा आहे."

कॉर खोकला की हसला, कळलं नाही.

ब्रामचा आवाज जरा अधिकृत झाला. "हे बघा, आम्ही या वाटेवर मोजणी केलीय. इथून रुंद सायकली येतच नाहीत."

"येतील कशा?"

"तेच म्हणतोय मी. वापरणारं कुणी नसेल तर खांब काढा म्हणून वर सांगू तरी कसं? तुम्हीसुद्धा अजून घेतलेली नाहीये ना? फिरवून बघायला आणलीय. मग घाई कसली?"

एक मोपेडवाला फटफटत आला, हेस्टरच्या कोपराला घासून खांबांमधून निघून गेला. ब्रामनं अंग चोरून त्याला वाट दिली.

हेस्टरनं फोन काढला.

"वॉपके, मी हेस्टर. ती तीन चाकांची घेतेय मी."

वॉपके दुकानदार मोठ्यानं बोलणारा. सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं, पण ती बोगद्यात जाते का बघायला नेली होतीस ना तू?"

"हो."

"मग? गेली?"

"नाही गेली. मडगार्डवर चरा पडलाय, तो राहू दे. माझ्या नावावर टाक."

तिनं फोन खिशात घातला. सायकल परत खांबांपर्यंत पुढे घेतली, ब्रेक ओढून अडकवला आणि खाली उतरली. पेटी बरोबर खांबांना टेकलेली. मागे आणखी पोरं येऊन थांबली, मग त्यांच्या आया, मग टपालवाला. एकानं घंटी वाजवली, मग दुसऱ्यानं.

"तुमच्या मोजणीत आता एक धरा," हेस्टर म्हणाली.

"अहो, असं वाट अडवून..."

"वाट मी नाही अडवली."

ब्रामनं मागे बोगद्यात पाहिलं. पलीकडूनही सायकली येऊन त्याच्या पाठीशी थांबत होत्या. कॉरनं आपली सायकल स्टँडवर लावली, हातमोजे काढले आणि पेटीच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला. उचलायला नाही, नुसताच.

"हा उद्या शाळेत जाणार," हेस्टर म्हणाली. "वर्गाबरोबर. कुठून जाणार, ते तुम्ही सांगा, ब्राम. आत्ता सांगा."