मागचं दार

गोंदियाच्या त्या बिडी कारखान्याच्या फाटकाशी माणसं सकाळपासून आत लागलेल्या परवाच्या आगीचा जाब मागत उभी होती, आणि सेहेचाळीसची निवडणूक अगदी तोंडावर आलेली. गुलाबचंदजी पुढारी खरे, पण त्या दिवशी त्यांना मागचंच दार बरं वाटलं. ओरडणाऱ्यांच्या तोंडी कशाला लागायचं? मजूर आपलेसे करायचे तर आत गुमान राबणारे करावेत.

मागच्या दाराची कडी त्यांनी स्वतःच काढली. आत बाया मांडीवर सुपं घेऊन, माना खाली घालून बिड्या वळत बसलेल्या. कारखाना पुन्हा सुरूही झाला, हे पाहून गुलाबचंदजी खूश झाले. शाळा, दवाखाना, पक्की घरं, सगळं त्यांनी उभ्या उभ्या देऊन टाकलं. तंबाखूच्या धुराळ्यानं त्यांना ठसक्यावर ठसका लागत होता. बायांपैकी मात्र एकही खोकत नव्हती.

"तुम्ही गुणाच्या, बाई," कडेच्या म्हातारीला ते म्हणाले. "त्या रिकामटेकड्यांत गेला नाहीत. कोण हो ते?"

"घरचेच होत जी. माहा बुढा, हिचा पोरगा."

"मग काय मागून राहिले ते?"

म्हातारीनं बिडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"आमाले. आग लागली तवा याच दाराले बाहेरून कडी होती जी."

गुलाबचंदजी दाराकडे वळले. बाहेरून कुणीतरी सावकाश कडी लावत होतं.