बायोडाट्यामागचं टायट्रेशन

शालूला एमएस्सी करायची होती आणि तिला बघायला नवीन जालन्याचे पाहुणे आले होते. मुलाचे मामा केमिस्ट्रीचे रिटायर मास्तर. त्यांनी स्वयंपाकाचं विचारलंच नाही. मुलाच्या बायोडाट्यामागं टायट्रेशनचं गणित लिहिलं. “पोरी, पंचवीस मिली आम्ल उदासीन करायला ०.१ नॉर्मल सोडा वीस मिली लागला. आम्लाची नॉर्मॅलिटी किती?” उत्तर ०.०८ होतं. नापास झाल्यास सोयरीक मोडेल, म्हणून शालूनं मुद्दाम ८ लिहिलं. मामांनी चष्मा पुसून पाहिलं. “बराबर! तीस वर्षं हेच शिकवलं पोरांना!” मुलगा कॉमर्सचा, त्यानंही मान डोलावली. आईनं पेढे फिरवले. शालूला ना राग आला, ना रडू. “सर, माझं उत्तर चुकलंय,” ती भिंतीकडं बघत म्हणाली. मामांनी लाल पेनानं दहापैकी दहा दिले आणि मुलाच्या वडलांकडं वळले. “बघा दाजी, एवढी शिकली, पण गर्व न्हाई पोरीला. काढा तारीख!”