एप्रिलसाठी अंडी

"सेबूला नेमकं कधी यावं?" दुबईच्या मावशीपासून टोरांटोच्या काकांपर्यंत ग्लेंडा आणि रोमेलच्या लग्नाला येणाऱ्या सगळ्यांनी विचारलं, आणि तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "एप्रिलमध्ये या. तेव्हा ढग औषधालासुद्धा सापडत नाही." सगळ्यांची तिकिटं निघाली. तरी रीत म्हणून ती डझनभर अंडी घेऊन टेकडीवरच्या मठात गेली. लग्नात पाऊस नको असला की फिलिपिन्समधल्या या सेबूत नन्सना अंडी द्यायची आणि प्रार्थना करायला सांगायचं, असंच चालत आलंय.

खिडकीतल्या म्हाताऱ्या सिस्टरने लग्नाची तारीख ऐकली आणि टोपलीला हातच लावला नाही.

"अगं, आज सकाळीच एकजण याच तारखेला वादळ मागून गेला. विमानंच उतरू नयेत म्हणाला. पाच डझन देऊन गेलाय."

"कोण होता?"

"रोमेल म्हणून कुणीतरी. स्वतःचंच लग्न आहे म्हणे."

 ग्लेंडाने टोपली खिडकीतून हळूच आत सरकवली.

"सिस्टर, पाच डझनांत वादळ होतं का? कमी पडत असेल तर ही त्यातच घाला."