दूर फेकणारा पंप

बाबुलालच्या कुरणात तरोटा आणि गाजरगवत माजलं होतं. तणनाशक मारायला पंप घ्यायचा म्हणून तो चामोर्शीला गेला, तेव्हा दुकानातल्या खैरुनबाईंनी लहान हातपंप पुढे केला. "हाच घ्या, भाऊ. दूर फेकणारा घ्याल तर वाऱ्यानं औषध बाजूच्या धानावर जाईन."

पण बाबुलालला काम झटपट उरकायचं होतं. त्यानं लांब फवारा मारणारा बॅटरीचा पंपच उचलला आणि शेजारची प्रेमिला माहेरी गेलेली पाहून भर वाऱ्यात अख्खं कुरण फवारून काढलं.

आठवडाभरात कुरण पिवळं पडलं. बांधापलीकडे प्रेमिलानं रोवणीसाठी टाकलेले धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपंही पिवळी पडली. बाबुलाल तिकडे फिरकेनासा झाला. पंप त्यानं गुरांच्या कोठ्यात वाळल्या तणसाच्या ढिगाखाली दडवला.

प्रेमिला माहेरून परतली आणि शेत पाहून थेट त्याच्या दारात आली. रडून तिचे डोळे सुजले होते. बाबुलालची मान वर होईना.

 

"मले माफ करा जी, भाऊ," ती हात जोडून म्हणाली, "माझ्या पऱ्ह्यावरचा रोग तुमच्या कुरणात शिरला."